तृतीयपंथी व्यक्तींच्या आरोग्यसेवेचे सर्वेक्षण कसे करावे

‘आरोग्यसेवेबाबत आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नाला तृतीयपंथी व्यक्ती बहुधा ‘हो, ठीक आहे’ असे उत्तर देते, आणि त्यातून हाती काहीच लागत नाही. सेवा नेमक्या कोणत्या पायरीवर अडली, हे कळेल अशी प्रश्नावली आखावी लागते.

आधी सर्वेक्षण कोणाचे, हे ठरवावे. घराण्यात, म्हणजे गुरू-चेल्यांच्या कुटुंबात, गुरूच्या छत्राखाली राहणाऱ्या हिजडा व्यक्ती, कोल्हापूर-सांगली भागातील यल्लम्माचे जोगते आणि आईवडिलांच्या घरीच राहणारे ट्रान्स पुरुष (जन्मवेळी मुलगी अशी नोंद झालेले, पण स्वतःला पुरुष मानणारे) यांचे दवाखान्याशी नाते एकसारखे नसते. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून देशभरात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 जणांची नोंद झाली; पण जनगणनेची माहिती अनेकदा घरातले दुसरेच कोणी देते, त्यामुळे या आकड्यांना लोकसंख्या मानून त्यावरून नमुना काढू नये.

यादीच नसल्याने ओळखीच्या साखळीतून माणसे शोधणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. वेगवेगळ्या गटांतील पाच-सहा व्यक्तींपासून सुरुवात करावी, प्रत्येकीला आपल्या ओळखीतल्यांना देण्यासाठी तीनच कूपने (मुलाखतीला येण्याच्या चिठ्ठ्या) द्यावीत आणि तिच्या परिचयात अशा किती व्यक्ती आहेत हे नोंदवावे, कारण विश्लेषणात कोणाच्या उत्तराला किती भार द्यायचा हे ठरवताना तो आकडा लागतो. सगळ्या साखळ्या एखाद्या संस्थेच्या किंवा एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राच्या दारातून सुरू केल्या, तर सेवेपर्यंत आधीच पोहोचलेले लोकच भेटतील. ट्रान्स पुरुषांना घराण्याचे जाळे नसते, म्हणून त्यांची साखळी वेगळी, बहुधा ऑनलाइन सुरू करावी. गुरूची परवानगी घेणे रीतीला धरून आहे, पण मुलाखत मात्र गुरूसमोर होऊ नये. मंगतीच्या, म्हणजे पैसे मागायला जाण्याच्या, वेळा टाळाव्यात. जोगत्यांच्या बाबतीत जोगव्याचे मंगळवार-शुक्रवार सोडावेत आणि दिलेल्या वेळेचा मोबदला द्यावा.

ओळखीचा प्रश्न दोन भागांत विचारावा: जन्माच्या वेळी कोणते लिंग नोंदवले गेले, आणि आज आपण स्वतःला काय म्हणवता. दुसऱ्याचे उत्तर त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहावे, मग ते हिजडा असो, किन्नर असो वा ट्रान्स स्त्री. मराठीत अडचण याहून पुढची आहे, कारण आपली क्रियापदे आणि विशेषणे लिंग उघड करतात. ‘दवाखान्यात एकट्या गेला होतात की कोणी सोबत होते?’ हे वाक्य एखाद्या ट्रान्स पुरुषाला विचारले, तर मुलाखत तिथेच संपते. म्हणून प्रत्येक प्रश्न ‘एकटे/एकट्या’ अशा दोन्ही रूपांत छापावा आणि समोरची व्यक्ती ‘मी गेलो’ म्हणते की ‘मी गेले’, हे ऐकून मुलाखतकाराने रूप निवडावे. तृतीयपंथी मुलाखतकार नेमले तर हे शिकवावेही लागत नाही.

मुख्य भागात मतांपेक्षा घटना विचाराव्यात. गेल्या बारा महिन्यांत दुखणे आले, पण दवाखान्यात जाणे टाळले, असे किती वेळा झाले? हा प्रश्न पहिला, कारण जे गेलेच नाहीत त्यांचा पत्ता रुग्णालयाच्या नोंदीत कधीच लागत नाही. मग शेवटची भेट पायरीपायरीने घ्यावी: केसपेपरच्या खिडकीवर कोणते नाव आणि कोणते लिंग लिहिले, नाव पुकारताना काय झाले, रांग कोणती मिळाली, तपासणी हात लावून झाली की लांबूनच, दाखल केले तर पुरुषांच्या वॉर्डात की स्त्रियांच्या, आणि खोकल्यासाठी गेल्यावरही एचआयव्हीची चाचणी आधी करायला सांगितली का. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठीच्या 2019 च्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावाला मनाई केली आहे, पण ‘तुमच्यावर भेदभाव झाला का’ असे विचारून तो मोजता येत नाही. सवयीने त्याला कोणी भेदभाव म्हणत नाही.

योजनांबाबतही हेच तत्त्व पाळावे. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारे तृतीयपंथी ओळखपत्र आहे का, आयुष्मान भारतचे कार्ड आहे का, ते कधी दाखवले आणि तेव्हा काय उत्तर मिळाले, असे क्रमाने विचारावे. हार्मोन्स कोणाच्या सल्ल्याने घेतली, हे विचारताना ‘मैत्रिणीच्या’ आणि ‘मेडिकल दुकानदाराच्या’ हे पर्यायही ठेवावेत. शस्त्रक्रिया झाली का, हा प्रश्न मात्र उद्देशाला आवश्यक असेल तरच घ्यावा. कुतूहलापोटी घातलेला प्रश्न ओळखू येतो.

क्षेत्रकामापूर्वी नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. आधार क्रमांक मागू नये. फोन क्रमांक वेगळ्या वहीत ठेवून काम संपताच नष्ट करावेत. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारणार असाल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आणि संवेदनशील समुपदेशकाचे नाव मुलाखतकाराच्या हाती हवे.

अहवाल छापण्यापूर्वी निष्कर्ष समाजाच्या बैठकीत वाचून दाखवावेत आणि तक्ते तालुक्यावर न काढता जिल्ह्यावर काढावेत, कारण तालुक्याच्या गावी ‘एचआयव्हीबाधित: 2’ असे छापले, की ते दोघे कोण हे बाजारपेठेत सगळ्यांना कळते.