पासबुकाचा फोटो टाकायच्या आधी कुलूप पाहा

कापूस विकला की व्यापारी म्हणतो पासबुकाचा अन् आधारचा फोटो टाका, मग घरातले जे ॲप समोर दिसलं त्यातून टाकून मोकळे. आमच्याकडं बाबांचंही तेच चालू होतं, म्हणून हे लिहून राहिलो.

आधी एसएमएसचं. त्याला कुलूपच नाही (कुलूप म्हणजे मधात कोणी मेसेज वाचू नये म्हणून तो बंद करायची सोय, इंग्रजीत एन्क्रिप्शन), मधल्या कंपनीच्या यंत्रणेत तो उघडाच जातो. इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, मराठीत लिहिलं तर काना-मात्रा धरून ७०च, म्हणून आपला एक मेसेज दोन-तीनचा होतो न् पैसेही तसेच कटतात.

आता आरसीएस. हा नेटवरून चालणारा नवा मेसेज, फोटो साफ जातो, कोणत्याही कंपनीच्या फोनवर चालावा म्हणून ठरवलेला. अँड्रॉइडवर गूगल मेसेजेस उघडा, वरच्या आपल्या फोटोवर दाबा, सेटिंग्ज, मग आरसीएस चॅट्स चालू करा, खाली 'कनेक्टेड' दिसलं पायजे. दोघांकडंही गूगल मेसेजेसवर आरसीएस चालू असलं की पाठवायच्या बटणावर छोटं कुलूप येतं, म्हणजे तुमचा फोन न् समोरच्याचा फोन सोडून मधात कोणालेच वाचता येत नाही. पण वावरात रेंज गेली, डेटा बंद पडला, की तोच मेसेज एसएमएस होऊन जाऊ शकतो अन् कुलूप गायब! म्हणून तिथंच सेटिंगमध्ये आपोआप एसएमएस करून पाठवायचा पर्याय असतो तो बंद ठेवा, मेसेज उशिरा गेला तरी चालेल.

पुण्या-मुंबईच्या पोराकडं आयफोन असेल तर? ॲपलनं २०२४ मध्ये आयओएस १८ या आयफोनच्या सॉफ्टवेअरपासून आरसीएस घेतलं, पण तेव्हा त्यात कुलूप नव्हतं. मार्च २०२५ मध्ये जीएसएमएनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, आरसीएसच्या नियमातच एन्क्रिप्शन टाकलं, अन् ॲपलनंही देऊ म्हटलं. तरी दोघांचे फोन अपडेट पायजे न् सिमच्या कंपनीचीही साथ पायजे, म्हणून ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, त्या चॅटमध्ये कुलूप दिसते का तेवढं पाहा. नाही दिसलं तर व्हॉट्सॲपवर टाका, तिथं २०१६ पासून सगळ्या चॅटला कुलूप आहे.

व्यापाऱ्याचा नंबर खरा आहे का हे मात्र कुलूप सांगत नाही. व्हॉट्सॲपवर त्याच्या नावावर दाबा, एन्क्रिप्शनवर जा, ६० आकडे दिसतील, तो समोर बसला असतानाच दोघांच्या फोनवरचे जुळवून घ्या किंवा कोड स्कॅन करा. आधार द्यायचंच असेल तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. अन् ओटीपी कोणीही मागो, द्यायचा नाही, तिथं एन्क्रिप्शन काही कामाचं नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या सरकारी नंबरले फोन करा.

एक भोक राहते ते बॅकअपचं. व्हॉट्सॲपची चॅट कुलूपबंद पण तिची गूगल ड्राइव्हवरची कॉपी तशी नसते, तिचं कुलूप आपल्याले चालू करावं लागते: व्हॉट्सॲपची सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, मग पासवर्ड. हा पासवर्ड विसरला न् फोनही गेला तर व्हॉट्सॲपवालेही उघडून देऊ शकत नाहीत, म्हणून कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवा.