मेंदू उलटा बसला, तेव्हा

दोन वर्षांपूर्वी थ्रीडी स्लायसर या वैद्यकीय प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमध्ये मेंदूच्या पृष्ठभागाचं मॉडेल करून एसटीएल फाइलमध्ये (त्रिमितीय आकार साठवणारी फाइल) ठेवलं होतं. परवा नव्या आवृत्तीत ते त्याच एमआरआयवर उघडलं, तर लहान मेंदू कपाळाकडे! आकार शाबूत, पण मॉडेल उभ्या अक्षाभोवती अर्धा फेरा फिरलेलं. आधी मी ते हातानं सरकवत बसले. ते करू नका. डोळ्यांना जुळलेलं मॉडेल मिलिमीटरांनी चुकतं.

कारण अक्षांच्या दिशांत होतं. जागा मोजायच्या दोन पद्धती आहेत: आरएएस पद्धतीत अक्षांची धन दिशा उजवी, पुढची आणि वरची; एलपीएसमध्ये डावी, मागची आणि वरची. जुनी फाइल आरएएसमध्ये होती, पण तशी नोंद तिच्यात नव्हती. नवी आवृत्ती अशी फाइल एलपीएस समजून वाचते.

स्लायसरच्या ट्रान्सफॉर्म्स मॉड्यूलमध्ये नवा लिनिअर ट्रान्सफॉर्म (मॉडेलची जागा-दिशा बदलणारं रूपांतर) घेतला, त्याच्या मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटीच्या, कर्णावरच्या पहिल्या दोन १ च्या जागी -१ लिहिलं, म्हणजे पहिले दोन अक्ष उलटले, आणि मॉडेलला लावून हार्डन केलं, म्हणजे बदल मॉडेलमध्येच कायम केला. मेंदूच्या घड्या एमआरआयवर चपखल बसल्या. मग फाइल पुन्हा सेव्ह केली, आता पद्धतीची नोंद तिच्यातच आहे.

फक्त डावं-उजवं उलटलं असतं, तर कदाचित लक्षातही आलं नसतं. त्या विचारानं अजून धस्स होतं. आता प्रत्येक मॉडेल एमआरआयच्या तिन्ही दिशांच्या छेदांवर ताडून पाहते.