रूडी गोबेरची बाजू कशी लढवायची, आणि कुठे गप्प बसायचं

रूडी गोबेर म्हणजे एनबीएतला, अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, मिनेसोटाचा सेंटर (रिंगजवळ उभा राहणारा उंच प्लेअर), आणि त्याची उगाच हवा केलीय असं म्हणणारे जागोजागी भेटतात. त्यांच्याशी बोलताना पहिली गोष्ट म्हणजे ट्रॉफ्या आणि ब्लॉक्सचे (हवेत अडवलेल्या शॉटचे) आकडे घेऊन वादात उतरू नका. आपण गोबेरवाले (ठाणे नवी मुंबई मिळून एका शेअर रिक्षात मावू एवढेच असू) हमखास इथेच फसतो. आपण तावातावाने सांगतो की बाबा चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम बचावपटू), २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४, हीच ट्रॉफी चारदा घेणाऱ्या मुटोंबो आणि बेन वॉलेसच्या पंगतीत बसलाय, आणि समोरचा काही न बोलता मोबाईल काढतो आणि लुकाचा तो व्हिडिओ लावतो. मे २०२४, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलची (म्हणजे एनबीएच्या सेमीफायनलची) दुसरी मॅच, शेवटचे काही सेकंद, डॅलसचा लुका डॉन्चिच गोबेरला डावीउजवीकडे नाचवतो, मागे सरकतो, थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) टाकतो, डॅलस १०९, मिनेसोटा १०८. झालं, त्या एवढ्याशा व्हिडिओत तुमच्या चारही ट्रॉफ्या गेल्या.

म्हणून सुरुवात उलट्या बाजूने करा. त्याची जेवढी वाईट गोष्ट खरी आहे तेवढी आधी तुम्हीच बोलून टाका. हात कच्चे आहेत, सोपा पास पण निसटतो. थ्री टाकत नाही. पाठ लावून पॉइंट काढणं जमत नाही. बाहेर थ्रीच्या लाइनवर चपळ गार्डसमोर (गार्ड म्हणजे बॉल खेळवणारा प्लेअर) एकटा सापडला की कधीकधी मार खातो. मार्च २०२० चा माइकचा किस्सा पण तुम्हीच काढा, पत्रकार परिषद संपवून उठताना मस्करीत सगळे माइक हात लावून चोळले, दोन दिवसांनी कोविड पॉझिटिव्ह निघाला आणि त्याच रात्री एनबीएचा सीझन थांबला. बावळटपणा होता, माफी मागितली, पाच लाख डॉलर मदत दिली, विषय संपला. हे सगळं तुमच्याच तोंडून आलं की समोरच्याकडे मारायला फारसं उरत नाही आणि मग तो ऐकायला लागतो.

आता खरा मुद्दा, आणि तो एकच आहे. गोबेरचं काम म्हणजे समोरच्याने न मारलेले शॉट. क्रिकेटवाल्याला हे अर्ध्या मिनिटात पटतं, जडेजा पॉइंटला उभा असला की बॅट्समन तिथे एक रन चोरायला जातच नाही, आणि स्कोअरकार्डवर त्याचं काय दिसतं, शून्य. एवढं एकदा सांगा आणि सोडून द्या, सारखं जडेजा जडेजा करू नका, लोक कंटाळतात आणि गाडी आयपीएलवर जाते.

मग मॅच लावा आणि बॉलकडे बघू नका म्हणून सांगा. हे सगळ्यात अवघड काम आहे कारण डोळा बॉलमागेच पळतो. त्याला सांगा, फक्त बॉल घेऊन आत येणाऱ्या गार्डचं डोकं बघ. स्क्रीन लागते, म्हणजे समोरच्यांचा मोठा माणूस आपल्या डिफेंडरची वाट अडवतो, मिनेसोटाचा गार्ड स्क्रीनच्या वरून चिकटून मागे धावत येतो, आणि गोबेर बाहेर न येता मागेच, रिंगच्या पुढ्यात, बॉलवाला आणि रोल करणारा (स्क्रीन लावून रिंगकडे धावणारा) मोठा माणूस या दोघांच्या मधे उभा राहतो. यालाच ड्रॉप म्हणतात. आता गार्डकडे काय उरतं? लेअप नाही, कारण समोर साडेसात फुटांपेक्षा जास्त हातांचा पसारा. लॉब (रिंगजवळ उंच टाकलेला पास) नाही, तो पण त्याच हातात जाईल. मागून आपला डिफेंडर पाठीवर आलेला. उरला मधला पुलअप (धावता थांबून मारलेला शॉट) नाहीतर फ्लोटर (हातांवरून उंच उडवलेला शॉट), म्हणजे बास्केटबॉलमधले सगळ्यात कमी फायद्याचे शॉट. बऱ्याचदा तो आत येतो, वर बघतो, आणि बॉल परत बाहेर देतो, चोवीस सेकंदांतले सात आठ वाया. स्टॅटशीटमध्ये याची नोंद नाही. त्यात एनबीएत डिफेंडरला कोणाला गार्ड न करता पेंटमध्ये (रिंगपुढच्या चौकोनात) तीन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही, म्हणजे तो तिथे तंबू ठोकून बसलाय असं पण नाही, सारखं एक पाय आत एक बाहेर चालू असतं.

टीव्हीवर पटलं नाही तर कोर्टवर न्या. नेरूळला आमच्या इथे रविवारी सकाळी खेळतात तिथे एक सव्वासहा फुटी मुलगा येतो, कॉलेजातला, खेळ ठीकठाकच, पण तो रिंगखाली असला की बघण्यासारखं असतं. एरवी बिनधास्त घुसणारी पोरं दोन ड्रिबल आत येतात आणि तिसऱ्याला हात आखडतात, बॉल बोर्डच्या वरच्या कडेला लागतो किंवा नुसताच रिंगवरून पलीकडे. त्याने हात पण उचललेला नसतो! टीकाकाराला त्याच्यावर पाचसहा वेळा ड्राइव्ह मारायला लावा, नंतर तोच मुलगा पाणी प्यायला गेला की परत मारायला लावा. यावर बोलायची गरज पडत नाही.

आता जरा जाणकार माणूस भेटला तर तो २०२१ काढणार. गोबेर तेव्हा युटाहला होता, युटाह लीगमध्ये टॉप, आणि प्लेऑफमध्ये क्लिपर्सने त्यांचा स्टार कवाय लेनर्ड नसताना सहाव्या मॅचमध्ये २५ पॉइंटची पिछाडी भरून काढून त्यांना घरी पाठवलं, टेरेन्स मान नावाच्या माणसाने ३९ मारले, सात थ्री. गोबेर मानला गार्ड करत होता, म्हणजे गोबेर फेल, असं हे लोक म्हणतात. इथे घाई करू नका, ती मॅच परत लावा आणि प्रत्येक थ्रीच्या आधीचे चार सेकंद दाखवा. पुढचा गार्ड सरळ मार खाऊन मागे पडलेला, बॉल रिंगपर्यंत पोचलेला, गोबेरला कॉर्नर सोडून आत यावंच लागतंय, आणि तिथून पास मानला. युटाहच्या दोन गार्डांपैकी माइक कॉन्ली मांडीच्या दुखण्याने जेमतेम परतला होता, मिचेलचा घोटा गेलेला. दोन आगी लागल्यात आणि बंब एकच. तरी पण एक कबूल करा, क्लिपर्सने पाच शूटर उभे करून त्याला रिंगपासून लांब ओढलं आणि युटाहकडे दुसरा प्लॅनच नव्हता. ही मर्यादा खरी आहे, लपवलीत तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

त्यांचा हुकमी पत्ता मात्र वेगळाच आहे आणि बहुतेकांना तो माहीत पण नसतो, तुम्हाला माहीत असावा म्हणून सांगतो. मे २०२४, डेन्व्हरविरुद्ध दुसरी मॅच, गोबेर मुलाच्या जन्मामुळे खेळलाच नाही आणि मिनेसोटाने डेन्व्हरला ८० वर रोखलं, १०६-८०. दुसऱ्या दिवशी त्यालाच डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर जाहीर झालं, लोकांनी काय धुतला असेल विचार करा. यावर उत्तर द्यायचं तर एवढंच द्या की मिनेसोटाचे एडवर्ड्स आणि मॅकडॅनिएल्स बाहेर गार्डांना अक्षरशः श्वास घेऊ देत नव्हते, आणि एका मॅचवरून ८२ मॅचेसचा निकाल लागत नाही, त्या सीझनला लीगमधला एक नंबर डिफेन्स त्याच्याच भोवती बांधलेला होता. पण जास्त ताणू नका, हा पत्ता खरंच भारी आहे.

तुमचा हुकमी पत्ता १ मे २०२५. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, सकाळी सगळे घरी, लेकर्स-मिनेसोटा पाचवी मॅच. मिनेसोटाने ४७ थ्री टाकले आणि फक्त ७ गेले. सात! एवढं घाण शूटिंग करून कोणी प्लेऑफची मॅच जिंकतं का? जिंकले, १०३-९६, आणि सिरीज ४-१ ने खिशात, कारण गोबेरने २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे बॉल) काढले. आणि समोर कोण होता, तोच लुका, तोवर लेकर्सकडे आलेला. समोरचा म्हणेल लेकर्सकडे धड सेंटरच नव्हता. बरोबर आहे, नव्हता. मग त्यालाच विचारा, धड सेंटर नसला की काय होतं?

पगार आणि ट्रेडवर वेळ घालवू नका. २०२२ मध्ये युटाहला पाच प्लेअर आणि चार फर्स्ट राउंड पिक (नवे प्लेअर निवडायचे पहिल्या फेरीचे हक्क) दिले, महाग पडला का, पडला. पण तो हिशोब ज्याने चेक फाडला त्याला मागा. आणि त्यानंतर मिनेसोटा २०२४ आणि २०२५ लागोपाठ कॉन्फरन्स फायनलला गेली, त्याआधी गेली होती ती २००४ ला, एवढं सांगून पुढे सरका. गोबेरची कायम टिंगल करणारा जुना सेंटर शाक, त्याचं नाव घेतलं कोणी तर हसा फक्त.

जागेचं पण बघा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला उतरणाऱ्याशी वाद सुरू करू नका, मधे फक्त दिघा गाव, तुमचं ड्रॉप समजावून होईपर्यंत तो दारात. वाशीपर्यंत जाणारा गाठा. ठाण्यात मामलेदारला मिसळ खाताना तर अजिबात नको, तिखटाने आधीच कान लाल झालेले असतात, माणूस भांडणावरच येतो.

शेवटी योकिच, डेन्व्हरचा सेंटर. हा येणारच. इथे गोबेर जगातला बेस्ट सेंटर वगैरे तोंडातून काढू नका, त्याच डेन्व्हर सिरीजच्या पाचव्या मॅचमध्ये योकिचने ४० पॉइंट, १३ असिस्ट आणि एकही टर्नओव्हर (बॉल गमावणं) नाही असा खेळ केला, बराचसा गोबेरच्या अंगावरून. तुम्ही फक्त आठवण करून द्या की सिरीज मिनेसोटाने सातव्या मॅचमध्ये काढली, तिथे जाऊन, २० ने मागे असताना. यावर तो म्हणणार की अरे योकिचवर बऱ्याचदा मिनेसोटाचा दुसरा उंच प्लेअर टाउन्स होता, गोबेर तर मागे मोकळाच उभा होता. हो, मुद्दामच. टाउन्स योकिचला धक्के देत होता कारण योकिच त्याच्यावरून सुटला की पुढे कोण उभा आहे हे दोघांनाही माहीत होतं. आता त्याला ती मॅच लावायला सांगा आणि परत तेच, बॉल सोडून योकिचचं डोकं बघ.