टाईप वन आणि इंदूरचे पोहे: सकाळची शुगर कशी सांभाळायची

इंदूरात राहून पोहे सोडा असं कोणी टाईप वन डायबिटीस असलेल्या, म्हणजे रोज इन्सुलिन घ्यावंच लागणाऱ्या पोराला सांगू नये, उगाच त्याचं मन मारायचं आणि मग ते लपून खातं, त्यापेक्षा पोहे भिजवायच्या आधी किचनच्या वजनकाट्यावर मोजा. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यात साधारण 38 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) असतात, त्यावरून डॉक्टरांनी दिलेल्या रेशोने, म्हणजे किती ग्रॅम कार्बला एक युनिट या हिशोबाने, इन्सुलिन काढायचं, अंदाजाने नको. शेंगदाणे, मटार, मोड आलेली मटकी भरपूर घाला म्हणजे तेवढ्याच प्लेटीत पोहे आपोआप कमी होतात आणि शुगर एकदम उसळत नाही. रॅपिड, म्हणजे पटकन काम करणारं इन्सुलिन असेल तर बहुतेकांना जेवणाआधी 10-15 मिनिटं घ्यायला सांगतात, पण शुगर आधीच खाली असेल तर इन्सुलिन घेऊन वाट बघत बसायचं नाही, आधी शुगर वर आणायची.

रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलात तर जास्त लक्ष ठेवा, कारण तळलेल्या गराडूचं (एक कंद) तेल पचन लांबवतं, म्हणजे झोपताना शुगर छान दिसते आणि पहाटे चढते, म्हणून त्या रात्री एकदा उठून तपासाच.

आणि हो, शुगर 70 mg/dL च्या खाली गेली तर जलेबी देऊ नका, तुपातेलामुळे ती हळू लागते. 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात द्या, 15 मिनिटांनी परत चेक करा, पण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.