गाडी वळणात, काटा अजून सरळ रस्त्यावर: ट्रॅक डेच्या व्हिडिओची तयारी

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक. व्हिडिओत गाडीचं नाक खाली गेलंय, चालकाची मान पुढे आलीये, म्हणजे ब्रेक सणसणीत लागलाय. कोपऱ्यातला स्पीडचा काटा मात्र खुशाल वर चढतोय आणि सव्वा सेकंदाने भानावर येतोय. ट्रॅक डेहून (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाहून) परतलेली मित्रमंडळी असे व्हिडिओ माझ्याकडे पाठवतात, सोबत एक ठरलेलं वाक्य: "सॉफ्टवेअर गंडलंय." क्वचितच गंडलेलं असतं. ते बिचारं व्हिडिओवर वेगाचा काटा चढवण्यासाठी दोन घड्याळं शेजारी ठेवतं, एक कॅमेऱ्याचं आणि एक लॉगरचं, म्हणजे वेग आणि जागा नोंदवणाऱ्या उपकरणाचं. त्यातलं एखादं आदल्या रात्री हॉटेलवर किंवा सकाळी पिटमध्येच (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) चुकलेलं असतं. म्हणून ही यादीही आदल्या रात्रीपासूनच सुरू होते. सामान धरलंय ते आपल्याकडे सर्रास दिसणारं: गोप्रो, फोनवर रेसक्रोनो (लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, नोंदवणारं अ‍ॅप), ब्लूटूथवर बोलणारा बाहेरचा जीपीएस, जमलं तर ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकाकडून आकडे घेणारा), आणि घरी लॅपटॉपवर रेसरेंडर (व्हिडिओवर काटे चढवणारं सॉफ्टवेअर).

आदल्या रात्री आधी कार्ड. व्ही३० छाप (लिहिण्याच्या वेगाची खूण) असलेलं हवं, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर नाही. हिशेब सोपा आहे: १०० मेगाबिटचा बिटरेट म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे २० मिनिटांच्या सेशनला (ट्रॅकवरच्या एका पाळीला) १५ जीबी. दिवसात पाच सेशन असतील तर ६४ जीबीचं कार्ड दुपारी दगा देणार. मग सेटिंग. रेकॉर्डिंग सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवा, ६० वर नको. "साठ" म्हणून जे लिहिलेलं असतं ते खरं तर ५९.९४ असतं, आणि त्या सहा शतांशाची गोष्ट पुढे येणारच आहे. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पिटमधल्या ट्यूबलाइटही लपलपत नाहीत. कॅमेरा गाडीत घट्ट बसवणार असाल तर स्टॅबिलायझेशन बंद करा. नाहीतर ते बाहेरचं दृश्य स्थिर धरतं आणि डॅशबोर्ड बोटीसारखा डुलायला लागतो.

कॅमेऱ्यातलाच जीपीएस वापरायचा विचार असेल तर आधी मॉडेल बघून घ्या. हीरो ५ पासून गोप्रोत जीपीएस आला, हीरो १२ मध्ये तो काढून टाकला आणि हीरो १३ मध्ये परत आणला. हीरो १२ च्या फाइलमध्ये वेग शोधत कोणी रात्र जागवू नये. तिथे अ‍ॅक्सेलरोमीटर मिळेल, जायरो मिळेल (झटके आणि वळणं मोजणारे), गाडी कुठे होती ते मिळणार नाही. ज्या मॉडेलमध्ये आहे तिथेही सेटिंगमध्ये तो चालू आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

आणि घड्याळ. कॅमेरा फोनवरच्या गोप्रोच्या क्विक अ‍ॅपला जोडला की तो फोनची वेळ उचलतो. एवढं एक काम झोपण्याआधी करा. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेला कॅमेरा कुठल्या साली जागा होईल याचा भरवसा नसतो.

सकाळी माउंटचं काम. आयोजकांना विचारल्याशिवाय बाहेरून सक्शन माउंट लावू नका, स्क्रुटिनीत (गाडीच्या तपासणीत) काढायला लावतात आणि मग घाईघाईत कुठेतरी चिकटवला जातो. आत लावा, दुसरी दोरी बांधा, काचेची जागा स्पिरिटने पुसून घ्या. जीपीएसचा डबा मात्र छतावर किंवा डॅशबोर्डच्या अगदी पुढच्या टोकाला, आकाश दिसेल असा. ग्लव्हबॉक्समध्ये टाकलेल्या जीपीएसने ट्रॅकच्या बाहेरून, झाडीतून मारलेले लॅप मी पाहिले आहेत.

फोनच्या अंगभूत जीपीएसवर भागेल का, हा प्रश्न दर वेळी येतो. फोन साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये ५० मीटरचं अंतर. मधलं सगळं सॉफ्टवेअरने रेघ ओढून भरलेलं. ब्रेक नेमका कुठे मारला ते त्या रेघेत सापडत नाही. १० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दहा वेळा जागा सांगितली तर, हेच अंतर ५ मीटर होतं, २५ हर्ट्झला २ मीटर. हौशी माणसाने पहिला पैसा इथे घालावा, दुसऱ्या कॅमेऱ्यात नाही, असं माझं मत.

पिटमध्ये जीपीएस चालू करून तसाच सोडून द्या, हेल्मेट घालायच्या कितीतरी आधी. फिक्स, म्हणजे जागा, मिळणं वेगळं आणि वेळ बरोबर असणं वेगळं. जीपीएसचं स्वतःचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे चालतं. २०१७ च्या सुरुवातीला शेवटचा लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवणारा जादा सेकंद) जोडला गेला तेव्हापासून हा आकडा कायम आहे. हा फरक किती ते उपग्रहच सांगतात, पण त्यांचा संपूर्ण संदेश एकदा पुरा व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. बराच काळ बंद पडून असलेला रिसीव्हर तोवर जुन्या माहितीवर वेळ ढकलू शकतो.

आता यादीतली माझ्या लेखी सगळ्यात मोलाची गोष्ट, तीही फुकटची. लॉगर चालू, कॅमेरा चालू, गाडी न्यूट्रलला, आणि तीन वेळा रेस द्या: व्रूम, व्रूम, व्रूम, मध्ये एकेक श्वास. व्हिडिओत आवाज येतो, ओबीडीत आरपीएमचे तीन सुळके येतात. ओबीडी नसेल तर जीपीएसच्या डब्यावर कॅमेऱ्यासमोर तीन टपल्या मारा, त्यात अ‍ॅक्सेलरोमीटर असेल तर त्याला त्या बरोबर कळतात. सेशन संपवून पिटमध्ये आलात की, काहीही बंद करण्याआधी, हेच पुन्हा. पहिली खूण सगळे करतात. दुसरी कोणी करत नाही, आणि माझा अर्धा वेळ तिच्यावाचून जातो. मग कॅमेरा बटणानेच बंद करा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. त्याआधी बॅटरी ओढलीत तर १५ जीबीची फाइल असून उघडत नाही. असं झालंच तर कार्ड तसंच कॅमेऱ्यात घालून तो चालू करा, बऱ्याचदा तो स्वतःच दुरुस्ती करून देतो. त्या कार्डावर नवीन काही रेकॉर्ड मात्र करू नका.

घरी आल्यावर अख्खं फोल्डर उचला, निवडक फाइली नाहीत. गोप्रो लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो, आणि त्यांची नावं फसवी असतात. जीएक्स ०१ ००४२ या नावात शेवटचे चार आकडे रेकॉर्डिंगचा क्रमांक, मधले दोन तुकड्याचा. नावानुसार लावलं की ००४२ चा पहिला तुकडा, मग ००४३ चा पहिला, मग ००४४ चा पहिला, आणि त्यानंतर कुठेतरी ००४२ चा दुसरा. मी एकदा एका मित्राच्या सकाळच्या सेशनला दुपारच्या सेशनची शेपूट जोडली होती. पाचव्या लॅपला आकाश अचानक ढगाळलं तेव्हा लक्षात आलं. त्या आधी तासभर मी सिंकचे (जुळवणीचे) आकडे खालीवर करत बसलो होतो.

तुकडे जोडतानाही सांभाळून. कॅमेऱ्याचा डेटा व्हिडिओच्याच फाइलमध्ये वेगळ्या ट्रॅकवर बसलेला असतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून काढलेल्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या किंवा "जरा छोटी केली" म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये तो उरत नाही. एफएफएमपेग हा व्हिडिओ जोडायचा प्रोग्रॅमसुद्धा मुद्दाम सांगितल्याशिवाय चित्र आणि आवाजच उचलतो, डेटा मागे राहतो. त्यामुळे "या फाइलमध्ये जीपीएस नाही" असा संदेश आला तर पहिला प्रश्न: ही कार्डावरचीच फाइल आहे का? आणि आवाज येतोय पण चित्र काळं, असं विंडोजवर दिसलं तर ते बहुधा एचईव्हीसी या व्हिडिओच्या प्रकाराचं प्रकरण. त्याचा कोडेक टाका किंवा पुढच्या वेळी एच.२६४ मध्ये घ्या.

आता जुळवणी. इथे लोक आकडे अंदाजाने खालीवर करत बसतात. त्यापेक्षा फरक मोजा. किती आहे यावरूनच चूक कुठली ते कळतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक म्हणजे भारतीय वेळ आणि यूटीसी यांची गल्लत. बरेच कॅमेरे फाइलमध्ये स्थानिक वेळ लिहितात आणि सॉफ्टवेअर ती यूटीसी समजून पुन्हा साडेपाच तास मिळवतं. १८ सेकंदांचा फरक आला तर वर सांगितलेला लीप सेकंद. दोन्ही खुणांना सारखाच, कसातरी वेडावाकडा फरक असेल, समजा ७.४ सेकंद, तर काही बिघडलेलं नाही. तेवढं सरकवा आणि मोकळे व्हा.

पहिल्या खुणेला सगळं जुळतंय आणि शेवटच्या खुणेला डेटा मागे पडलाय, तर सरकवून उपयोग नाही. ही फ्रेमरेटची घसरण. ५९.९४ चा व्हिडिओ कुठेतरी ६० समजून वाजवला गेलाय. हजारात एकचा फरक, पण २० मिनिटांत तो १.२ सेकंद होतो, म्हणजे ताशी १८० ला ६० मीटर. सुरुवातीला सांगितलेला तो भानावर न आलेला काटा हाच. प्रोजेक्टचा फ्रेमरेट फाइलप्रमाणे करा. व्हिडिओ फोनवर काढला असेल तर फोन फ्रेमरेट मनाला येईल तसा बदलत राहतो, तो आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या. आणि अमुक एका लॅपपर्यंत सगळं चोख, तिथून पुढे एकदम उडी, असं असेल तर मधला तुकडा राहिलाय किंवा ब्लूटूथ तुटलं होतं. उडी किती सेकंदांची आहे ते बघा, तुकड्यांच्या लांबीशी ताडून पाहा.

डेटाची फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल तर तिची प्रत उघडा, आणि सेव्ह करू नका. तेरा आकडी वेळ तिथे १.७ई+१२ अशी होते आणि सेव्ह केलं की कायमची तशीच राहते. सगळ्या ओळींची वेळ एक. व्हीबीओ फाइलची (लॉगरच्या डेटाचा एक प्रकार) खोड आणखी निराळी. त्यात अक्षांश-रेखांश मिनिटांत असतात आणि रेखांश पश्चिमेला धन धरलेला असतो. मद्रासचा ट्रॅक साधारण १३ उत्तर, ८० पूर्व. म्हणजे फाइलमध्ये ७८० आणि उणे ४८००. मी एका फाइलची हाताने डागडुजी करताना ते उणे चिन्ह "चूक आहे" म्हणून काढून टाकलं. नकाशावर गाडी कॅरिबियन समुद्रात, निकाराग्वाच्या बाजूला लॅप मारत होती. लॅपटाइम बरोबर होता.

वेग सरळ रस्त्याच्या शेवटी ५० दिसतोय आणि गाडी तर उडत होती? तो मीटर प्रति सेकंद आहे, ३.६ ने गुणा. लॅपच्या मध्येच नवा लॅप सुरू होतोय? पिटलेन सरळ रस्त्याला समांतर असते; फिनिशची रेघ लांब ओढली गेली की पिटमधून जाणाराही लॅप मोजला जातो. रेघ आखूड करा.

ओबीडीकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो एकेक प्रश्न विचारतो, एकेक उत्तर घेतो. दहा गोष्टी मागितल्यात तर आरपीएमचा नंबर उशिरा लागतो आणि काटा पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. आरपीएम आणि थ्रॉटल एवढंच मागा, कूलंटचं तापमान गाडीच्या मीटरवर बघा. ब्रेकचा दाब तर प्रमाणित ओबीडीत नसतोच. व्हिडिओत जो लाल पट्टा दिसतो तो बहुधा जी-फोर्सवरून काढलेला असतो, त्यामुळे चढावर तो थोडा खोटं बोलतो.

अख्खा व्हिडिओ रेंडरला लावण्याआधी सगळ्यात जोरदार ब्रेकिंगचे ३० सेकंद काढून बघा, एकदा पहिल्या लॅपमधले आणि एकदा शेवटच्या. दोन्हीकडे नाक आणि काटा एकत्र खाली आले की रात्रभर लावून झोपा. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही, फोनमधलं रेसक्रोनोचं मूळ सेशनही उडवायचं नाही. मी कार्ड काढलं की छोट्या झिपच्या पिशवीत घालतो आणि वर मार्करने तारीख आणि सेशनचा नंबर लिहितो. मार्कर टूलबॉक्समध्येच असतो, टायरवरही त्यानेच लिहितो.