कडी तिनंच काढायची: मोठ्या ऑपरेशननंतर एकट्या राहणाऱ्या आत्याला उभं करताना

माझी आत्या ७८ वर्षांची आहे आणि गेली १६ वर्षं एकटी राहते. बाथरूममध्ये पाय घसरून तिचा खुबा मोडला. मांडीच्या हाडाचं वरचं टोक काढून तिथे धातूचा गोळा बसवावा लागला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला जवळ बोलावून विचारलं, "मला माझ्या घरी पुन्हा एकटीला राहता येईल ना गं? दार वाजलं तर उठून कडी काढता आली पाहिजे मला." तोवर जखम भरली, टाके निघाले की झालं, असंच मी धरून चालले होते. पुढचे पाच-सहा आठवडे मी तिच्याकडे राहिले. कुठल्याही मदतीला हात घालण्याआधी स्वतःला एकच विचारायचं, हे मी तिथे शिकले: यानं ती त्या कडीच्या जवळ जातेय की लांब?

मी लिहितेय ते खुब्याच्या ऑपरेशनच्या अनुभवातून. ऑपरेशन दुसरं असेल तर बंधनं बदलतात. हृदयाच्या ऑपरेशनात छातीचं हाड कापलं असेल, तर हातांवर जोर देऊन उठायला आणि वजन उचलायला काही आठवडे मनाई असते. घर, औषधं आणि रात्र यांचं मात्र बहुतेक सगळीकडे सारखंच.

डिस्चार्जच्या आधी

घरी सोडायच्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते. म्हणून प्रश्न आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या. ऑपरेशनच्या पायावर किती भार टाकायचा? कुठल्या हालचाली करायच्या नाहीत, आणि किती दिवस? टाके कधी काढायचे? अंघोळ कधीपासून? आधीच्या औषधांपैकी कुठली चालू ठेवायची, कुठली बंद? आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नंबरासकट लिहून घ्या.

फिजिओथेरपिस्टला सांगून पलंगावरून उठणं, कमोडवर बसणं आणि जिना, हे तिन्ही तुमच्यासमोर करून घ्या. नुसतं पाहून भागत नाही. त्यांच्यादेखत तुम्ही तिला एकदा उठवा. आधार कुठे द्यायचा हे हाताला कळावं लागतं. मी पहिल्यांदा तिच्या काखेत हात घालून ओढायला गेले आणि मला लगेच थांबवलं गेलं, कारण त्यानं खांदा दुखावतो.

औषधांची पिशवी

आमच्या हातून चूक झाली ती इथे. आत्या आधीपासून प्रेशरची गोळी घ्यायची. डिस्चार्ज कार्डावर तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावानं लिहिलेली होती. घरी आल्यावर तिनं सवयीनं आपल्या डबीतली घेतली आणि मी कार्डावरची दिली. संध्याकाळी खुर्चीतून उठताना तिला अंधारी आली. मी शेजारी होते म्हणून पडली नाही. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा दोन्ही पाकिटं समोर ठेवून औषधाचं मूळ नाव वाचायला लावलं त्यांनी. दोन्हींवर एकच.

तेव्हा घरी पाऊल टाकताच पहिलं काम हे करा: घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या एका पिशवीत भरून तिच्या हाताबाहेर ठेवा. मग एकच यादी करा. कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, ते कशासाठी, किती वाजता आणि कुठल्या तारखेपर्यंत. ती यादी डॉक्टरांकडून किंवा औषधविक्रेत्याकडून एकदा तपासून घ्या आणि त्यानंतर पिशवीतलं औषध यादीशी जुळवल्याशिवाय बाहेर काढू नका.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल आत्याचं म्हणणं होतं, "सहन होतंय तोवर कशाला घ्यायची?" पहिल्या दिवसांत हे उलटतं. दुखलं की माणूस हलत नाही, हललं नाही की स्नायू आखडतात आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी ठरल्या वेळी द्या. व्यायाम असेल तर तो गोळी लागू झाल्यावर करा, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण तासानं. पण घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी आपल्या मनानं कधीही जोडू नका. म्हातारपणी त्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. सर्दीच्या गोळ्यांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, तेही दिवसाच्या पॅरासिटामॉलमध्ये मोजायचं. ट्रामाडॉलसारखं जोरदार औषध असेल तर बद्धकोष्ठता येणार हे धरूनच चाला. पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

रक्त पातळ करणारं औषध खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुधा चार-पाच आठवडे चालतं. "आता चालतेय की ती" म्हणून ते मध्येच थांबवायचं नाही.

पलंगापासून बाथरूमपर्यंत

सगळं घर सजवत बसू नका. पलंग, बाथरूम, खुर्ची आणि स्वयंपाकाचा ओटा एवढ्यांमधली वाट मोकळी करा. पायपुसणी, गालिचे, जमिनीवरच्या वायरी उचलून टाका. वॉकरची रुंदी आणि बाथरूमच्या दाराची रुंदी टेपनं मोजा. आमचा वॉकर दारात अडकत होता, तो ती यायच्या आदल्या दिवशी बदलून आणला.

खुर्ची उंच, पक्की आणि हातांची हवी. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. मऊ सोफा दिसायला आरामाचा, पण त्यातून उठता येत नाही. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवा आणि शेजारी भिंतीत आधाराचा दांडा स्क्रूनं घट्ट ठोकून घ्या. टॉवेल टाकायची नळी माणसाचं वजन पेलत नाही, आणि तोल गेला की हात नेमका तिच्याकडेच जातो. अंघोळीला पाय न घसरणारं स्टूल, रात्री वाटेवर मंद दिवा, पायात टाच बंद असलेली चप्पल.

वॉकरची उंची अशी: ताठ उभं राहून हात सैल सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. उठताना वॉकर धरून ओढायचा नाही, तो उलटतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं, मग वॉकर धरायचा. पलंगावरून उठण्याआधी कडेवर एक मिनिट नुसतं बसायचं, चक्कर येत नाही ना ते पाहायचं. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पुढे काठी हातात आली की ती चांगल्या पायाच्या बाजूला धरायची. आत्याला हे खोटंच वाटलं होतं, दोन दिवस ती काठी दुखऱ्या बाजूलाच घेत होती.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, मग पाण्याचा पेलासुद्धा नेता येत नाही. वॉकरला पुढच्या बाजूला कापडी पिशवी अडकवली. त्यात झाकणाची बाटली, चष्मा, रुमाल. ओट्याजवळ एक उंच खुर्ची ठेवली, म्हणजे जे करायचं ते तिथेच बसून करायचं आणि तिथेच खायचं. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणल्या. मोबाइल गळ्यात. पलंगावर ठेवलेला मोबाइल जमिनीवर पडलेल्या माणसाच्या काय कामाचा?

तिसरी रात्र

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री आत्यानं मला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे म्हणाली, आणि वॉकर न घेता उठायला लागली. मी फार घाबरले. तिचं डोकं कायमचंच बिघडलं असं वाटून रडूही आलं.

वयस्कर माणसांत मोठ्या ऑपरेशननंतर असा अचानक भ्रम होणं बरंच आढळतं. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. हा वेडेपणा नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. शरीरात काहीतरी बिनसल्याची ती खूण असते: जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, पाणी किंवा सोडियम कमी होणं, न सांगितलेलं दुखणं, एखादं औषध, झोपेचा बोजवारा. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही. आत्याला लघवीचा संसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत ती पहिल्यासारखी बोलू लागली.

याचं एक गप्प रूपही असतं, आणि ते जास्त फसवं. माणूस बडबडत नाही, नुसता गुंगीत पडून राहतो, खात नाही, विचारलं तर हं म्हणतो. घरच्यांना वाटतं, छान विश्रांती घेतेय.

अशा वेळी वाद घालू नका. शांत आवाजात आपलं नाव सांगा, आज वार कुठला, आपण कुठे आहोत ते सांगा. समोर दिसेल असं घड्याळ आणि कॅलेंडर ठेवा. दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार आणि शांतता. चष्मा डोळ्यांवर, कानातलं यंत्र कानात. आत्याचं यंत्र हॉस्पिटलमध्ये काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं होतं आणि ते तिथेच राहिलं. तीन दिवस तिला धड ऐकू येत नव्हतं आणि मी मात्र ती गोंधळलीय म्हणत होते. याची मला अजून चुटपुट आहे.

खाणं, पाणी, पावलं

भूक मरते, हे पहिलं. मोठं ताट पाहूनच ती तोंड फिरवायची. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिनं असू द्या: दूध, दही, अंडं, डाळ, मासे, जे चालत असेल ते. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं पडून राहिलं तर म्हातारपणी दहा दिवसांतच पायांचे स्नायू बरेच झडतात, आणि परत यायला महिने घेतात.

ती पाणी कमी पिते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कारण विचारलं तर म्हणाली, "सारखं तुला उठवायला नको वाटतं." दिवसाचं पाणी संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं ठरवलं, आणि दर दोन तासांनी तिनं न मागताच बाथरूमला जायचं. त्यात तिचं चालणंही होऊन जायचं. जेवण खुर्चीत, पलंगावर नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबायचं नाही. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, बेशुद्धी: सरळ रुग्णवाहिका. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं: त्याच दिवशी डॉक्टर, कारण शिरेत गुठळी झालेली असू शकते. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, जखमेतून पू किंवा वाढती लाली, काळी शौच, पडणं, किंवा काल टेकत होता तो पाय आज टेकवेना: हेही उद्यावर टाकू नका. टाचा आणि माकडहाड रोज पाहा. दाबून सोडल्यावरही न जाणारी लाली म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची सुरुवात.

हात मागे घेणं

एके सकाळी घाईत मी तिच्या गाऊनची बटणं लावू लागले. तिनं माझा हात बाजूला केला. "हात मोडलेला नाहीय माझा." त्यानंतर मी आधी विचारायला लागले आणि थांबायलाही. पाच मिनिटांचं बटण लावणं पंधरा मिनिटं चालतं, चालू द्या. अंघोळीच्या वेळी मी दार किंचित उघडं ठेवून बाहेर बसायचे. पाठ आणि पावलं तेवढी माझी, बाकी तिचं ती.

घरातली बाकीची माणसं "काही लागलं तर सांग" म्हणतात, तेव्हा खरंच सांगा, पण नेमकं: मंगळवारी पाच ते सात तू बस, औषधं तू आण. डॉक्टरांशी बोलणारं माणूस एकच ठेवा. आठवड्यातून निदान एक रात्र तुम्हाला सलग झोप मिळाली पाहिजे. मी चौथ्या आठवड्यात तिच्यावर ओरडले, आणि त्यामागे झोप सोडून दुसरं काही नव्हतं.

मी एकदम निघून गेले नाही. आधी तासभर बाहेर, मग दुपारभर, मग पाचव्या आठवड्यात एक रात्र. त्याआधी तिनं माझ्यासमोर, मी हात न लावता सहा गोष्टी करून दाखवल्या: पलंगावरून उठणं, बाथरूमला जाऊन येणं, काही गरम करून खाणं, यादी पाहून औषध घेणं, फोन लावणं, दार उघडणं. सकाळी सात आणि रात्री नऊ, फोन ठरलेला. तिनं उचलला नाही तर दहा मिनिटांत शेजारच्या बाई येऊन पाहणार, हेही तिच्यासमोरच ठरलं.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांशी हाडांच्या ठिसूळपणाबद्दल बोला. घनता तपासायची का, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा हाडांचं औषध लागेल का, ते विचारा. डोळेही तपासून घ्या. साध्या पडण्यानं एक खुबा मोडला असेल तर दुसरा मोडण्याचा धोका असतोच.

शेवटचा वाद कडीवरूनच झाला. आतून कडी लावली तर शेजाऱ्यांकडची किल्ली निरुपयोगी. आणि कडी लावल्याशिवाय आत्याला झोप नाही. दोन दिवस अबोला झाला. मग आतून लावता येईल आणि बाहेरूनही किल्लीनं उघडेल असं कुलूप दाराला बसवलं, आणि तीन महिने रात्री कडी नाही, दिवसा तिची मर्जी, असं तिनंच ठरवलं. पहिल्या एकटीच्या रात्रीनंतर मी सकाळी आठला दारात उभी होते, किल्ली हातात. बेल दाबली. आतून वॉकरचा आवाज आला, मध्येच थांबला, परत सुरू झाला. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि तिला दारापर्यंत येऊ दिलं.