एमआरआय नॉर्मल, पॅनिक खराच: मेंदूवरचे अभ्यास कसे वाचावेत

माझ्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलं होतं, ‘विशेष दोष आढळला नाही.’ हायसं वाटायला हवं होतं. मी रडले. म्हणजे पॅनिक अटॅकमधली, अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यातली ती धडधड, बोटांना येणाऱ्या मुंग्या, ‘आता संपलं सगळं’ ही खात्री, ही माझी नाटकं की काय? मग झपाटल्यासारखे मेंदूवरचे अभ्यास वाचत सुटले. तुम्हीही वाचणार असाल, तर माझ्या चुका तेवढ्या टाळा.

‘पॅनिक असणाऱ्यांचा अमिग्डला लहान’ असं दिसलं, की आधी किती माणसं तपासली ते बघा. अमिग्डला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना असलेला, भीतीशी जोडला जाणारा बदामाच्या आकाराचा भाग. काही अभ्यासांत तो लहान आढळलाय, पण तो फरक गटाच्या सरासरीतला. दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की एकट्याचा स्कॅन बघून कुणी पॅनिक ओळखू शकत नाही. निदान लक्षणं विचारूनच होतं. एमआरआय काढतात तो दुसरा काही आजार नाही ना, हे बघायला. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

फरक आधीचा की नंतरचा, हेही एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळत नाही. वर्षानुवर्षांची भीती, औषधं, जोडीचं नैराश्य, सगळ्याचीच त्यात सरमिसळ असते.

आणि सगळं खापर अमिग्डलावर फोडू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन्ही अमिग्डला निकामी झालेल्या तिघांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासातून दिली. तिघांनाही पॅनिक अटॅक आला!

मला सगळ्यात उपयोगी पडली ती मानसोपचारतज्ज्ञ जॅक गॉर्मन आणि सहकाऱ्यांची १९८९ ची मांडणी. अटॅक ब्रेनस्टेममधून (मेंदूच्या तळाच्या देठातून), पुढच्या अटॅकची धास्ती भावनांशी जोडलेल्या लिंबिक भागातून आणि भीतीपोटी जागा टाळणं कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागातून. पुढे २००० मध्ये त्यांनीच ती बदलली, तरी वहीत रकाने मी तिच्यावरूनच पाडले: अटॅक किती मिनिटं, धास्ती किती दिवस, काय टाळलं. पहिल्या आठवड्यात पहिल्या रकान्यात ‘८ मिनिटं’ एवढंच होतं. तिसऱ्यात सातही दिवस ‘लिफ्ट’. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, वही पुढे ओढली आणि विचारलं, “कितव्या मजल्यापर्यंत जमेल?”